बारा किलोंचं सामान

प्राणी ही वस्तू नव्हे. हे मी म्हणत नाही, जर्मनीचा दिवाणी कायदा म्हणतो, आणि अगदी एवढ्याच शब्दांत म्हणतो. ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बटाट्याच्या सॅलडपुढे बसलो होतो आणि मला खरोखर भरून आलं. एका अख्ख्या देशाने विचार करून, मतं मोजून हे पुस्तकात लिहून ठेवलं होतं. दुसरं वाक्य म्हणत होतं की प्राण्यांच्या रक्षणासाठी खास कायदे आहेत. तेही बरं वाटलं. तिसरं वाक्य असं होतं की जिथे वेगळं काही ठरवलेलं नाही, तिथे वस्तूंचे नियमच प्राण्यांना लावावेत.

मी सॅलड संपवलं.

कायदे वाचायची हौस मला नाही. इंगोलश्टाटजवळ गाड्यांचे सुटे भाग करणारी एक कंपनी आहे, तिथे मी सीटबेल्टवर काम करतो. अपघाताच्या क्षणी पट्टा खेचून घट्ट करणारा एक छोटा भाग असतो, तो माझा. माणसांनी आपल्या जागेवर राहावं एवढीच माझी जगाकडून अपेक्षा असते आणि त्यासाठी मला पगार मिळतो. कुत्र्यांचा विषय माझ्याकडे आला तो मुलीमुळे.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला कुत्रा हवा होता. आम्ही दोघं नवरा-बायको दोन वर्षं कारणं सांगत होतो: फ्लॅट लहान आहे, घरमालक परवानगी देणार नाही, भारतात गेलो की कोण सांभाळणार. मुलगी इथेच वाढलेली. तिने घरमालकाला स्वतः पत्र लिहिलं, त्याचं सहीचं उत्तर आलं, त्याला दोन भोकं पाडून तिने ते फाइलला लावलं आणि एका रविवारी नाश्त्याच्या वेळी फाइल माझ्या ताटाशेजारी ठेवली. फाइलपुढे या देशात कोणाचं काही चालत नाही. आम्ही गेलो.

प्राण्यांचा आश्रम, ज्याला इथे टियरहाइम म्हणतात, आमच्यापासून गाडीने चाळीस मिनिटांवर होता. मुलीने निवडलेला कुत्रा तपकिरी, कुठल्याच जातीत न बसणारा, एक कान उभा आणि एक पडलेला. वजन बारा किलो. तिथल्या बाई साठीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी आधीच सांगून टाकलं की हा एकदा घरी जाऊन परत आलेला आहे. घरात वागणं उत्तम, पण गाडीत बसवला की रडतो आणि ओकतो. आधीच्या कुटुंबाला दर शनिवारी डोंगरात जायचं असायचं. दोन महिन्यांत त्यांनी आणून सोडला.

"दुसऱ्यांदा परत आलेला मला नको," बाई म्हणाल्या. "सहा आठवडे न्या. सहाव्या शनिवारी दहा वाजता तुमच्या गाडीतून, नीट बंदोबस्तात, मला आणून दाखवा. मी डिकी उघडून बघणार. तो घाबरून अर्धमेला झालेला असला तर इथेच राहील. चालेल?"

मुलीने माझ्याकडे न बघता मान हलवली.

त्यांनी एक पिंजरा उसना दिला. घरी पोचेपर्यंत कुत्रा न थांबता रडला आणि दोनदा ओकला. मुलगीही रडली, पण आवाज न करता.

सोमवारी मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं की गाडीत बसलेला कुत्रा कायद्याने कोण असतो. सहकारी बव्हेरियाचा, निवृत्तीला आलेला, तीस वर्षं पट्ट्यांतच गेलेली. "लाडुंग," तो म्हणाला. म्हणजे सामान, गाडीत लादलेला माल. मला वाटलं चेष्टा करतोय, पण सकाळचे अकरा वाजले होते आणि तो विनोद जेवणानंतरच करतो.

मी शोधलं. त्याचं बरोबर होतं. रहदारीच्या नियमांत कुत्र्यासाठी वेगळं कलम नाही. तो फ्रिज, बटाट्यांचं पोतं आणि नाताळचं झाड यांच्या रांगेत बसतो. सामान असं ठेवलेलं असावं की एकदम ब्रेक लावला किंवा गाडी झटकन वळवली तरी ते सरकू नये, पडू नये, इकडेतिकडे गडगडू नये, आणि त्याने टाळता येण्याजोगा आवाज करू नये. हे शेवटचं कलम मी दोनदा वाचलं. आमचं सामान पहिल्या प्रवासात चाळीस मिनिटं आवाज करत होतं. तो टाळता येण्याजोगा होता का, हे आता सहा आठवड्यांत ठरणार होतं.

आश्चर्य पुढे होतं. सामान बांधावं, एवढंच कायदा सांगतो. कुत्रा कशाने बांधावा, पिंजऱ्याने की पट्ट्याने की जाळीने, याबद्दल एक अक्षर नाही. काचेच्या बाटल्या रंगांप्रमाणे वेगळ्या टाकायला लावणारा हा देश आणि इथे एकदम मोकळा सोडून देतो. मी आणखी खोदत गेलो. इथल्या रेल्वेत या आकाराचा कुत्रा मोकळा नेला तर त्याला लहान मुलाचं भाडं पडतं. आईबापांबरोबर असलेलं खरं मूल फुकट जातं. म्हणजे स्टेशनातून बाहेर पडून पार्किंगपर्यंत येताना आमचा कुत्रा वाटेत कुठेतरी मूल असायचा थांबून माल होत होता. नेमकं कुठे, ते मला अजून सापडलेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात सासूबाई आल्या. बार्शीहून, तीन महिन्यांसाठी. कुत्र्याची जागा अंगणात असते, असं त्यांचं मत होतं आणि अंगण नसल्यामुळे तो तात्पुरता घरात आहे अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली. नावाने त्यांनी त्याला कधी हाक मारली नाही. "हे ध्यान" म्हणायच्या.

मी जेवताना त्यांना सगळं समजावलं. मोह आवरला नाही. ताशी पन्नासच्या वेगाने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर मोकळा बसलेला बारा किलोंचा कुत्रा पुढच्या सीटवर एकशे सत्तर किलोंसारखा येऊन आदळतो.

"एवढंसं ध्यान, एकशे सत्तर किलो?"

"हो आई. वेगामुळे."

"मग त्याला हळू न्या." त्यांनी माझ्या ताटात पोळी वाढली. "आमच्या एसटीत एकदा माझ्या शेजारी बोकड होता. कंडक्टरने त्याचं तिकीट फाडलं. बार्शीपर्यंत उभा राहून आला बिचारा. इथे तिकीट नाही का?"

"इथे तो सामान आहे."

"म्हणजे आपल्याकडे बोकड प्रवासी आणि इथे कुत्रा सामान," त्या म्हणाल्या. "शिकलेल्या लोकांचं काही कळत नाही."

बायको पाण्याचा ग्लास तोंडाला लावून हसत होती.

मी रीतसर कामाला लागलो. अॅल्युमिनियमचा चांगला पिंजरा आणला, डिकीत मागच्या सीटच्या पाठीला चिकटवून आडवा ठेवला, चार पट्ट्यांनी चार कड्यांना बांधला. पट्टे कसे ताणायचे हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मग तक्ता केला: पहिला दिवस, इंजिन बंद, दार उघडं, दोन मिनिटं, सॉसेजचा तुकडा. दुसरा दिवस, तीन मिनिटं. नवव्या दिवशी तक्ता अतिशय देखणा झाला होता. कुत्रा आत जायचा, सॉसेज उचलायचा आणि पहिल्या दिवसापेक्षा लवकर बाहेर यायचा. प्रगती म्हणायची तर तेवढीच.

मुलगी रोज संध्याकाळी तक्ता बघायची आणि खोलीत जायची. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये सहाव्या शनिवारभोवती गोल केलेला होता. बाकीच्या दिवसांवर ती पेन्सिलने फुल्या मारत होती.

आमच्या बाल्कनीत ऊन येत नाही. इमारतीमागच्या पार्किंगमध्ये दुपारी तीनला येतं, नेमकं आमच्या गाडीच्या मागच्या बाजूला. एक दिवस सासूबाईंनी बायकोकडे गाडीची किल्ली मागितली. तुर्की दुकानातून आणलेली मेथीची जुडी, एक वर्तमानपत्र आणि एक चाळणी घेऊन त्या खाली गेल्या, डिकी उघडून घेतली, तिच्या काठावर बसल्या आणि मेथी निवडायला लागल्या. स्वेटरवर शाल, पायात माझे मोजे. शाळेतून आलेली मुलगी कुत्र्याला घेऊन तिथेच गेली. कुत्रा आपण होऊन पिंजऱ्यात शिरला, कारण ऊन तिथवर येत होतं, आणि हनुवटी पुढच्या पायांवर टेकून मेथीकडे बघत राहिला. सासूबाई त्याला आपल्या नणंदेविषयी सांगत होत्या. विषय मोठा होता. तासाभराने तो झोपला.

दुसऱ्या दिवशी मटार होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा मेथी. तळमजल्यावरचे म्हातारे गृहस्थ अखेर काठी टेकत आले आणि मुलीला विचारू लागले की या बाई रोज गाडीत का बसतात, त्यांना घरात घेत नाहीत का.

"ही माझी आजी आहे," मुलगी जर्मनमध्ये म्हणाली. "काम करतेय."

आजी आणि नात यांचं बोलणं असंच चालायचं. आजी मराठीत बोलायची, नात जर्मनमध्ये उत्तर द्यायची. नातीला सगळं कळायचं, आजीला काहीच नाही, तरी भांडणसुद्धा व्हायचं. मराठी बोल म्हटलं की मुलगी शाळेत फळ्यापुढे उभी केल्यासारखी गप्प व्हायची. आम्ही म्हणायचं सोडलं होतं.

मी तक्ता बाजूला ठेवला. चौथ्या आठवड्यात सासूबाई निवडत असताना मी इंजिन सुरू केलं. पाचव्यात डिकी लावून, त्यांना मागच्या सीटवर बसवून पार्किंगला एक फेरी, मग दोन, मग बेकरीपर्यंत. त्या सीटवर बसून मागे वळून बोलत राहायच्या. बोलणं सुरू असेपर्यंत कुत्रा गप्प. त्या श्वास घ्यायला थांबल्या की मागून कुईं. असं का, ते मला माहीत नाही. कुत्र्याला नणंदेचं पुढे काय झालं ते हवं होतं, हे माझ्या बायकोचं मत.

अडचण एवढीच की सासूबाईंना गाडी लागते. बार्शीहून पुण्याला येतानाही तोंडात आवळासुपारी लागते. इथे आल्यापासून त्यांनी आल्प्सला यायला नकार दिला होता, म्युनिकलाही. बेकरीपर्यंतच्या तीन मिनिटांपुढे त्या कधी गेल्या नव्हत्या. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला मुलीने भाजी चिवडत आईला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय?" सासूबाईंनी विचारलं.

"उद्या आजी येणार का, असं विचारतेय."

"न येऊन सांगते कोणाला," त्या म्हणाल्या. "ह्या ध्यानाला अजून धाकट्या जावेचं सांगायचंय."

प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, प्रवासाआधी चार तास कुत्र्याच्या पोटात काही नको. मुलीने फ्रिजवर ठळक अक्षरांत कागद लावला: खायला घालू नये. जर्मनमध्ये लावला. घरात जर्मन न वाचणारी एकच व्यक्ती होती, आणि सकाळी सगळ्यांत आधी फ्रिज तीच उघडायची.

पावणेनऊला आम्ही दारात बूट घालत होतो. सासूबाई वाटी-चमचा घेऊन आल्या आणि परीक्षेला निघालेल्यांच्या हातावर ठेवतात तसं एकेकाच्या तळव्यावर दहीसाखर ठेवत गेल्या. माझ्या, बायकोच्या, मुलीच्या. मुलगी चाटून वर बघते तर आजी वाकलेली आणि कुत्रा आजीचा तळवा पुसून काढत होता. त्याच्या मिशांना दही लागलेलं.

"ओमा," मुलगी आजीला जर्मनमध्ये म्हणाली. एवढंच. आवाज अगदी लहान होता.

"काय झालं? एवढ्या मोठ्या कामाला निघालाय तो. हातावर काही ठेवायचं नाही?"

बायकोने त्यांना कागद वाचून दाखवला. सासूबाई कागदाकडे बघत राहिल्या.

"मला काय कळणार त्यात काय लिहिलंय," त्या हळू म्हणाल्या. मग, "किती वेळ लागतो ओकायला?"

कोणालाच माहीत नव्हतं. दहा वाजताची वेळ होती. निघालो.

मी आयुष्यात इतकी हळू गाडी कधी चालवलेली नाही. मागून येणारे शेतकऱ्यांचे ट्रॅक्टरही माझ्याकडे रोखून बघत होते. मागच्या सीटवरून धाकट्या जावेची हकिकत अखंड चालू होती आणि मधूनच मुलगी जर्मनमध्ये बातमी द्यायची: अजून नाही. अजून नाही. आश्रमाच्या अलीकडच्या गावात पोलिसांची तपासणी चालू होती. तरुण पोलिसाने हात केला.

लायसन्स, कागदपत्रं, मग प्रथमोपचाराची पेटी आणि धोक्याचा त्रिकोण. त्रिकोण डिकीत होता, पिंजऱ्याच्या बाजूच्या खणात. मी डिकी उघडली. पोलीस वाकला, एक पट्टा ओढून पाहिला, दुसरा पाहिला. पिंजरा हलला नाही.

"उत्तम बांधलंय," तो म्हणाला. "असं क्वचित बघायला मिळतं."

मी काहीतरी नम्र बोललो असणार. पदक घेताना लोक बोलतात तसलं. पोलिसाची नजर पिंजऱ्यावरून पुढे गेली. मागच्या सीटवर सासूबाई पूर्ण उलट्या वळलेल्या, एक गुडघा सीटवर, सीटची पाठ दोन्ही हातांनी धरलेली. पट्टा त्यांच्या पाठीमागे नुसता लोंबत होता. जागेवर बसवताना मी स्वतः लावला होता. तो त्यांनी कधी काढला ते मी विचारलं नाही. इतके आठवडे मी त्या गाडीत चार पट्टे रोज ताणून बघत होतो. पाचव्याकडे, जो माझ्या पोटापाण्याचा आहे, पुन्हा वळून पाहिलं नव्हतं.

"आल्झो," म्हणजे तर मग, असं पोलीस म्हणाला आणि पुढे लांबलचक बोलला. सासूबाईंनी बोलणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. कुत्र्याने लगेच सूर लावला.

"काय म्हणतोय तो?" सासूबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मुलगी बोलली. मराठीत, एकेक शब्द जमिनीवर टेकवत. "आजी, तो म्हणतो, कुत्रा छान बांधला. तू नाही बांधली."



"सांग त्याला," सासूबाई म्हणाल्या, "मी काय सामान आहे बांधायला?"

मुलीने ते जर्मनमध्ये सांगितलं. पोलिसाने गंभीरपणे ऐकून घेतलं. नाही, तो म्हणाला, या बाई प्रवासी आहेत. सामान तो कुत्रा आहे. आणि दोघांनाही बांधायचं असतं, वेगवेगळ्या कलमांखाली. मुलीने हेही आजीला मराठीत सांगितलं. कलमाला तिच्याकडे शब्द नव्हता, म्हणून तिने "वेगळ्या पानावर" म्हटलं.

पोलिसाने तोंडी समज देऊन सोडलं. सासूबाईंनी सरळ बसून पट्टा लावला. कुत्रा अजून रडतच होता, तेव्हा पोलिसाने खिडकीतून मुलीला सांगितलं की आजींनी बोलत राहिलं तरी चालेल, फक्त पुढे तोंड करून.

दहाला चार मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. बाई फाटकात घड्याळ बघत उभ्या होत्या. मुलगी उतरून गाडीमागे जाऊन उभी राहिली, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले. बाईंनी स्वतः डिकी उघडली.

कुत्रा झोपला होता. पिंजरा कोरडा होता. उजेड आल्यावर त्याने एक डोळा उघडला, पडलेला कान हलवला आणि डोळा पुन्हा मिटला. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"हे मिशांना पांढरं काय?"

मी मुलीकडे पाहिलं. ती सांगेल असं मला वाटत नव्हतं.

"दही," ती म्हणाली. "साखर घालून. निघायच्या आधी. आमच्यात महत्त्वाच्या दिवशी देतात."

"डॉक्टरांनी उपाशी ठेवा सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. आजीला वाचता आलं नाही. कागद मी मराठीत लिहायला हवा होता."

बाईंनी पुन्हा कुत्र्याकडे पाहिलं, मग गाडीच्या खिडकीतून सासूबाईंकडे. त्या पट्ट्यात ताठ बसलेल्या होत्या, डोळे मिटलेले, गालात आवळासुपारी. बाई आत गेल्या आणि कुत्रा आमच्या नावावर करायचा फॉर्म घेऊन आल्या. 'प्रवासाआधीचा आहार' या रकान्यात त्यांनी लिहिलं: दही, साखर, मानवलं. मग फॉर्म मुलीपुढे धरला. सही अर्थात मला करायची होती, पण तिने आधी अख्खा वाचून काढला.

फॉर्मच्या माथ्यावर जाड अक्षरांत छापलेलं होतं की प्राणी हा माणसाचा सहजीव आहे आणि त्याची जबाबदारी माणसावर आहे. मुलगी ते वाक्य आजीला मराठीत सांगायला खिडकीशी गेली. बराच वेळ लागला, कारण तिला शब्द सापडत नव्हते आणि आजीला डोळे उघडायचे नव्हते.

मी पिंजऱ्याचे चार पट्टे तपासले. मग मागच्या सीटवरचा पाचवा ओढून पाहिला आणि गाडी परत फिरवली.

परतीच्या वाटेवर गाडीत एक उलटी झाली. प्रवाशाला. सामान झोपलेलं होतं.